टॉवेलवाला बर्फावर जातो

सोलापुरात थंडी पडली हे हवेवरून कळत नाही, माणसांच्या अंगावरून कळतं. पारा जरा घसरला की जुळे सोलापुरातले रिक्षावाले कानांना मफलर गुंडाळतात. सकाळी फिरायला निघालेले निवृत्त साहेब लोक माकडटोप्या घालून एकमेकांच्या शेजारून ओळख न लागता निघून जातात. आमच्या इमारतीचा वॉचमन सकाळी अकरा वाजता, चांगल्या कडक उन्हात, खोक्याचे पुठ्ठे जाळून शेकत बसतो. विचारलं तर म्हणतो, "लई गारठा हाय की साहेब." मी त्याला हसतो, गॅलरीत येतो, आणि तिथून माझं सुरू होतं. एक पाय गॅलरीत, एक घरात. चहा केलेला कुठं ठेवला ते आठवत नाही. वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचतो आणि खिशातून फोन काढून एका लांबच्या दरीचं हवामान बघतो. फोनमध्ये दोन गावं आहेत. सोलापूरच्या नावापुढे रोज एक पिवळा गोळा असतो. दुसऱ्या गावापुढे ढग, आणि ढगाखाली तीन पांढरे ठिपके. ते ठिपके बघितले की मला बसवत नाही.

ते दुसरं गाव मनालीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथं माझी एकुलती एक मुलगी, मृणाल, राहते. ती अजून तिथंच आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. शेवट आधी सांगितला म्हणून माझी गोष्ट कधी बिघडलेली नाही. बिघडली ती प्रत्येक वेळी मधेच.

माझा धंदा टॉवेलचा आणि चादरींचा. बारा माग. सव्वीस वर्षांत कापड चाचपल्याशिवाय मी कुणाशी धड बोललेलो नाही. लग्नात नवरदेवाच्या खांद्यावर मी हात ठेवतो तेव्हा लोकांना वाटतं आशीर्वाद देतोय, मी सुटाचं कापड बघत असतो. अशा माणसाच्या पोटी मृणाल आली. इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, एकदा सुट्टीत डोंगर बघायला म्हणून गेली आणि आठवड्याच्या सुट्टीतून परत आली ती फक्त राजीनामा द्यायला. मग तिकडेच गिर्यारोहणाचं शिक्षण, तिकडेच एका जुन्या वाटाड्याच्या हाताखाली काम. तो वाटाडा म्हणजे नेगीजी. साठीच्या पुढचा, काटक, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस.

मी तिकडे गेलो त्या थंडीत वर्तमानपत्रात बातमी आली की तिकडे कुठंतरी बर्फाचा कडा सुटला आणि माणसं वाहून गेली. माझ्या बायकोनं, विजयानं, ती बातमी कात्रीनं कापली आणि देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली. रोज सकाळी दिवा लावताना ती वाचायची. त्यातच पुण्याची कंपनी मृणालला परत घ्यायला तयार झाली. कळवायला दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारपर्यंतची मुदत होती.

"तुम्ही जा," विजया म्हणाली. "गोड बोला, रडा, पडा. नाटकं एवढी येतात तुम्हाला, एक तरी कामाला येऊ दे. तिला घेऊनच या."

मी नाटकाचा पूर्ण आराखडा केला. मृणालनं फोनवर सांगितलंच होतं, "पप्पा, येताय तर माझं पहिलं गिऱ्हाईक व्हा. नेगीजी म्हणालेत, एका नवशिक्याला डोंगराच्या धारेपर्यंत नेऊन सुखरूप खाली आणलं, तर या सीझनला माणसं माझ्या हाती देतील. ते मागून येतील, पण बोलणार नाहीत. सगळं मी ठरवायचं." मला तर हातात आयतं कोलीत मिळालं. मी जगातलं सर्वांत वाईट गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. मी कण्हणार, बुटात पाय सुजला म्हणणार, पाच पावलांवर फतकल मारणार. नेगीजी कंटाळतील, मृणालला नापास करतील, आणि मी दुःखी चेहऱ्यानं पोरीला घेऊन सोलापूरच्या गाडीत बसेन. आमच्या मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर नरसय्या, त्याला मी आराखडा सांगितला नाही, फक्त बर्फावर जातोय म्हणालो. तो म्हणाला, "बर्फच पाहिजे तर इथं गोळा खावा की मालक. तितं जाऊन कंबर मोडून घेऊन येताय बघा."

आता त्या फळीबद्दल सांगितलं पाहिजे. तिला स्प्लिटबोर्ड म्हणतात. बर्फावरून घसरायची एक रुंद फळी, पण मधोमध उभी चिरलेली. डोंगर चढताना दोन फळ्या वेगळ्या करायच्या, एकेका पायाला एकेक बांधायची आणि सरकत सरकत वर जायचं. माथ्यावर पोचलं की दोन्ही जोडून पुन्हा एक फळी करायची, तिच्यावर आडवं उभं राहायचं आणि खाली यायचं. वर जाताना फळी मागे का घसरत नाही? तर तिच्या तळाला कापडाची लांब पट्टी चिकटवतात. तिथं तिला स्किन म्हणतात. मृणालनं ती माझ्या हातात दिली आणि मी आराखडा विसरलो. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला दाट, आखूड, एका दिशेनं झोपवलेली लव. पुढे हात फिरवला तर मऊ, मागे फिरवला तर खरखरीत. पुढे सरकते, मागे अडते. मी ती गालाला लावून बघितली.

"पप्पा, लोक बघतायत."

"अगं, हा तर आमचाच माल आहे. टॉवेलचा चुलतभाऊ."

पहिले दोन दिवस गावाजवळच्या उतारावर मी ठरल्याप्रमाणे कण्हलो. छान कण्हलो. एका म्हाताऱ्या बाईनं घरातून मला गरम पाणी आणून दिलं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी फळी माझ्या पायाखालून न निसटता माझ्याबरोबर वळली. एकदाच. अर्धं वळण असेल. बर्फाचा एक पातळ पदर बाजूला उडाला, आणि मी, एक्कावन्न वर्षांचा, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, बारा मागांचा मालक, मोठ्यानं हसायला लागलो. हसताना पडलो. तोंडात बर्फ गेला. त्याला लोखंडासारखी चव होती. "पुन्हा," मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो. आराखडा त्याच उतारावर कुठंतरी पडला आणि मी तो शोधायला गेलो नाही.

आता गॅलरीत उभं राहून हे आठवतो तेव्हा खालून भाजीवाला ओरडत असतो, समोरच्या फ्लॅटमधला मिक्सर चालू असतो, आणि माझ्या पोटऱ्या मात्र ते अर्धं वळण घेत असतात. उभ्या उभ्या. विजयाच्या लक्षात येतं. ती माझ्या हातातला कप काढून घेते.

पाचव्या दिवशी आम्ही तिघं निघालो. देवदारांच्या मधून वर. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. सर्र, थांब, सर्र. पुढे मृणाल, मधे मी, मागे नेगीजी. माझं सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. मला शांततेची सवय नाही. त्या झाडांमध्ये एवढं शांत होतं की माझ्या कानातला जुना खडखडाट मलाच ऐकू यायला लागला. मी बोलत राहिलो. मृणाल न वळता म्हणाली, "पप्पा, श्वास चढायला ठेवा."

संध्याकाळी मेंढपाळांच्या एका दगडी खोपट्यात थांबलो. चूल पेटली, चहा झाला, आणि माझ्या स्वभावानं घात केला. शेकोटीशेजारी दोन माणसं बसलेली आणि माझ्याकडे एक झकास गोष्ट. मी गप्प कसा बसणार? मी त्यांना माझा आराखडा सांगितला. अभिनयासकट. कण्हणं कसं ठरवलं होतं, फतकल कुठं मारणार होतो, नेगीजी कंटाळल्यावर दुःखी चेहरा कसा करणार होतो, तोही करून दाखवला. मृणाल पोट धरून हसली. नेगीजींनी डोळे पुसले. "आणि आता?" त्यांनी विचारलं. "आता मला धारेवर जायचंय," मी म्हणालो.

ते दोघं उद्याचा उतार बघायला बाहेर गेले. मी खोपट्यात एकटा. समोर माझ्या आणि मृणालच्या स्किन, गोंदाला गोंद लावून दुमडलेल्या, ओल्या. आता आमच्या धंद्यात एक गोष्ट रक्तात असते. ओलं कापड दुमडून ठेवायचं नाही. वडिलांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते ओल्या टॉवेलांचा गठ्ठा बांधला म्हणून. मला त्या ओल्या घड्या बघवेनात. मी त्या ओढून सोडवल्या. नेगीजींसाठी मी घरची एक चादर नेली होती, निळी आणि मरून, मोरपंखी नक्षीची, नवी कोरी. ती पसरली, तिच्यावर चारही पट्ट्या गोंद खाली करून मांडल्या, चादरीची वळकटी केली आणि पाणी निघावं म्हणून तिच्यावर बसलो. घरी टॉवेल असाच सुकवतो आम्ही. मृणालचं काम हलकं केलं म्हणून मी त्या वळकटीवर मोठ्या समाधानानं बसलो होतो. अर्ध्या तासानं पट्ट्या सोडवल्या आणि चुलीच्या उबेत, अंधुक उजेडात, फळ्यांना चिकटवूनही टाकल्या. तिच्याही, माझ्याही.

सकाळी ती उठली तर फळ्या दाराशी तयार. "पप्पा, तुम्ही केलं?" मी नुसती मान झुकवली, नाटकाच्या शेवटी झुकवतात तशी. ती हसली आणि बुटांचे पट्टे आवळायला वाकली. नेगीजी फळ्यांकडे जरा जास्त वेळ बघत उभे होते, हे मला नंतर आठवलं. त्यांनी न बोलायचं कबूल केलेलं होतं.

दोन तास चढलो. झाडं संपली. वर नुसता पांढरा उतार आणि त्याच्या टोकाला धार, आकाशाला शिवण घातल्यासारखी. तिरकं चढत होतो. माझा उजवा पाय पुढे सरकला आणि मागे आला. पुन्हा सरकवला, पुन्हा मागे आला. मग डोंगरच वर निघून जायला लागला, म्हणजे मी खाली चाललो होतो. दहा-बारा हात गेलो असेन, मऊ बर्फात कमरेपर्यंत रुतून थांबलो. ओरडायचंसुद्धा सुचलं नाही.

मृणाल माझ्यापर्यंत आली. माझी फळी उलटी केली. स्किन टोकाला लोंबत होती. तिनं ती सोलून काढली आणि गोंदाची बाजू उन्हाकडे धरली. गोंदावर माझ्या चादरीची लव बसली होती. निळी, मरून, मधे मधे मोरपंखाची सोनेरी. नवी चादर पहिल्या धुण्याआधी किती लव सोडते हे सोलापुरात शेंबड्या पोराला माहीत असतं. तिनं आपल्या फळीची पट्टी बघितली. तीही मागून सुटत आली होती.

"मी केलं," मी म्हणालो. "सुकवली. चादरीत."

 नेगीजी वरून बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कालचा माझा आराखडा मला स्पष्ट वाचता येत होता.

"बांधू या," मी म्हणालो. "दोरीनं बांध. धार इथं तर आहे."

"चाळीस मिनिटं आहे. वारं वाढलंय. आणि वरचं ऊन बर्फ मऊ करतंय."

"मी चालत येतो. रांगत येतो. मृणाल, तुझा सीझन जातोय. चल वर."

"नाही."

"अगं, मी सांगतो ना तुला, मी—"

"मी विचारलेलं नाही, पप्पा. फळी जोडा. खाली जायचंय."

सव्वीस वर्षं मी बारा मागांवरची माणसं आवाजावर चालवली आहेत. तो आवाज मी ओळखतो. मी वाकलो आणि बधिर बोटांनी फळी जोडायला लागलो. एक खटका बसेना. तिनं गुडघ्यावर बसून तो बसवला, माझ्या बुटांचे पट्टे एकदा ओढून बघितले, पुन्हा एकदा ओढून बघितले. 

आणि आता मला एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करायची आहे. तो उतार माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा तास होता. पोरीचं नुकसान करून बसलेला बाप, डोळ्यांत पाणी, आणि पाय मात्र बेइमान. पानगळीतलं पान येतं तसं डावीकडे, उजवीकडे, पडत, उठत, पुन्हा पडत. मृणाल खाली थोड्या अंतरावर थांबायची, हातानं दाखवायची, इथं या. मी तिथं जायचो. बर्फ सूऽ करत बाजूला व्हायचा. मी रडतोय का हसतोय हे माझं मला कळत नव्हतं, आणि थांबावंसंही वाटत नव्हतं. आजही थंडी पडली की आधी ती लाज जागी होते का तो आनंद, मला सांगता येत नाही. दोन्ही एकदम उठतात आणि मला गॅलरीत फिरवत राहतात.

खोपट्याशी पोचल्यावर नेगीजींनी चहा ठेवला. मग विचारलं, "स्किन कुणी तपासल्या?"

मी तोंड उघडलं. मृणाल म्हणाली, "पप्पा, चहा घ्या." मग त्यांच्याकडे बघून, "मी तपासायला हव्या होत्या. नाही तपासल्या."

"बाबूजींनी काल जे सांगितलं—"

"ते काहीही करोत. बघायचं काम माझं होतं."

नेगीजींनी कप खाली ठेवला. "परत फिरलीस ते ठीक," ते म्हणाले. "पण निघालीसच कशी? इतक्यात माणसं देणार नाही. स्वयंपाक, भांडी, सामान. मार्चमध्ये पुन्हा बघू." मी मधे पडायचा प्रयत्न केला, हिंदीत, त्यामुळे आणखी वाईट झालं. ते मला म्हणाले, "बाबूजी, तुम्ही गिऱ्हाईक आहात. तुमची काही चूक नाही." मारल्यापेक्षा जास्त लागलं ते.

माझ्या परतीच्या आदल्या संध्याकाळी, खाली गावात, मृणाल दाराच्या पायरीवर बसून त्या पट्ट्या साफ करत होती. वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, कागद ओढायचा, लव कागदाला चिकटून निघायची. मी शेजारी बसलो. मदत करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मुद्दाम केलंत?" तिनं विचारलं. वर न बघता.

मी आयुष्यभर इतकं मीठमसाला लावून बोललोय की त्या क्षणी खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाजच नव्हता. "शपथ घेऊ का?" मी विचारलं.

"नको. तुमच्या शपथा मी लहानपणापासून बघतेय." तिनं कागद ओढला. "मला वाटलं होतं मुद्दाम. गोंद बघितला तेव्हा. मग तुम्ही भांडायला लागलात, वर चल, रांगत येतो म्हणून. मुद्दाम केलं असतंत तर तिथंच बसून अरेरे म्हणाला असतात. अरेरे तुम्हाला छान जमतं."

 तिनं पुन्हा इस्त्री फिरवली.

"आईनं न्यायला पाठवलंय ना?"

"हो. कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"मग विचारा की."

"येतेस का?"

"नाही."

"भांडी घासायला राहणार?"

"मार्चपर्यंत."

तिकडे जाताना गाडीत मी एक भाषण बसवलं होतं. वयाचे दाखले, आईचा रक्तदाब, मधे एकदा आवाज दाटणार होता. पूर्ण तयार होतं. कुणाला हवं असेल तर अजून माझ्याकडे आहे.

सोलापूर स्टेशनवर विजया आली होती. मी डब्यातून उतरलो. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली, दारातून शेवटचा माणूस उतरेपर्यंत. मग वळली आणि पुढे चालायला लागली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "जसंच्या तसं सांगा. रंगवू नका."

मी जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच. आराखडा, अर्धं वळण, ओल्या घड्या, चादर, घसरणं, मृणालचा आवाज, चहा, मार्च. सगळं सांगून झालं तेव्हा सात रस्ता चौक मागे पडला होता.

"मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही गं."

तिनं बाहेर बघितलं. मग म्हणाली, "निदान मुद्दाम तरी करायचं होतं की हो." रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. माझी बाजू घेण्यासारखं त्यालाही काही सापडलं नसावं.

घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधी मृणालला फोन लावला. मला वाटलं आता रडारड. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा राहिलो.

"भांडी गार पाण्यानं घासता का गरम?" विजयानं विचारलं.

फोन स्पीकरवर होता. "गरम, आई. बर्फ वितळवून तापवतो."

"हातमोजे?"

"आहेत."

"रबराचे?"

"रबराचे."

"हं." तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि फोन माझ्या हातात दिला. "बोला तुम्ही. मी भाकरी टाकते. दोघांच्याच."